तानीच्या डोळ्यातली पाहुणी

कंदील जरा इकडे सरकवा, सांगतो. एक्याऐंशी साली पितृपक्षातल्या म्हाळासाठी केळीची पानं घेऊन मी पिरनवाडीला घरी आलो, तर माझी धाकटी बहीण तानीबाई डोळ्याला पदर लावून बसलेली. गावात डोळ्यांची साथ होती. पण तानीचं दुखणं वेगळं. तिचा एक डोळा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेला होता, आणि उन्हाळ्यातच त्यावर एका मयत बाईच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा बसवला होता.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "अंग या परक्याला सांभाळून घेतंय. पण डोळे आले, की ते खवळून उठतं. रोगाला हाकलताना पाहुण्यालाही हाकलून देतं."

आता त्या पडद्यावर धुकं चढलं होतं. नवे थेंब सुरू झाले, तरी ते उतरेना. मोठ्या मुश्किलीनं मिळालेली नजर पुन्हा जायला बसली होती.

तानी मात्र हसत म्हणाली, "आण्णा, पाहुणीचं बी एक पान मांड. उपाशी ठेवल्यावर ऱ्हाईल व्हय ती?"

"तिला काय आवडतं, कुणाला ठावं?" माझी बायको पारूबाई म्हणाली.

"वडं कुणाला नगं असत्यात?"

माजघरात पानं मांडली. वड्यांचा आणि धुपाचा वास कोंडला. बाहेर भर दुपार, आत अंधारलेलं. आणि पाहुणीच्या पानापाशी बांगड्या किणकिणल्या... अगदी हळू. तानीनं चांगला डोळा हातानं झाकला.

"बसलीया... लई म्हातारी हाय. वडं आवडल्यात तिला."

माझ्या अंगावर काटा आला. पण तानी इतकी खुशीत होती, की आम्हालाही हसू फुटलं.

साथ ओसरली, तसं धुकं उतरलं. वेळेवर औषध पडलं म्हणून पडदा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. त्या डोळ्यानं तानीनं सुईत दोरा ओवून दाखवला, तेव्हा मी आनंदानं ढसाढसा रडलो.

पुढच्या वर्षी पाहुणीचं पान न सांगता मांडलं. तानीनं चांगला डोळा झाकून पंगत न्याहाळली.

"आण्णा, आणिक एक पान मांड. तिनं कुणाला तरी संगं आणलंय."

"कुणाला गं?"

"तोंड दिसंना... तुज्या पाटावर बसलंय."

पारूबाईनं पान वाढलं. मी उभ्यानंच जेवलो, पण पोटभर जेवलो.