वरच्या आळीतली पांढरी गाडी

साईराज शिवांजलीच्या दारात पहिल्यांदा आला तो चुकून. तासगावातल्या त्याच्या बॅटरीच्या दुकानात फोन आला होता : फौजीचं घर, दारात पांढरी गाडी, वर ताडपत्री. आता आमच्या भागात हा काय पत्ता झाला? घरटी एक माणूस सैन्यात, आणि त्याने हौसेने घेतलेली गाडी पुढची सुट्टी येईपर्यंत ताडपत्रीखाली. तेव्हा त्याला दिसली ती पहिली ताडपत्री त्याने उचलली.

शिवांजली बेदाण्याच्या गोदामातलं काम आटोपून घरी आली, तर एक अनोळखी तरुण तिच्या फौजी दादाच्या गाडीचं बॉनेट उघडून बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा थर गरम पाण्याने धूत होता. गाडीची किल्ली आणि गरम पाणी, दोन्ही आईनेच दिलेलं!

“कुणी बोलावलं तुमाला?” तिने विचारलं.

“तुमीच की. राजेश्वरी मॅडम ना?”

“मी शिवांजली. राजेश्वरी वरच्या आळीत ऱ्हाती.”

तो ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, “अर्धी धुवून झालीया... आता पुरीच करतो की.”

आणि ती हसली. तिथेच घोळ झाला.

बॅटरी स्वच्छ करून, टोकांना व्हॅसलीन लावून तो म्हणाला की, उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरत जाते. आठवड्यातून एकदा तरी इंजिन अर्धा तास चालू ठेवायला हवं. आता गाडी रस्त्यावर काढायची म्हटलं तर आण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, नियम आडवा. पोराची गाडी पोरगाच चालवणार. मग साईराज दर रविवारी यायचा, गाडी जागेवरच चालू करायचा आणि इंजिन घुरघुरत असताना कट्ट्यावर बसून चहा प्यायचा. शिवांजलीला त्याच वेळी नेमकं अंगणात काहीतरी काम निघायचं.

तो बोलायला मोठा मजेशीर होता. बॅटरी घेताना वरची चकाकी बघायची नाही, ती कधी तयार झाली ती तारीख बघायची, असं तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की तिला वाटायचं, याने लग्नाळू मुलींना सल्ले द्यावेत.

“सगळ्याच गिऱ्हाइकांच्यात अर्धा तास बसता व्हय?” एकदा तिने विचारलं.

“चहा चांगला असंल तर बसतो.”

“आईनं केलाय त्यो.”

“मग...” त्याने कप खाली ठेवला, “चहासाठी न्हाई बसत.”

त्या रात्री शिवांजली आरशासमोर जरा जास्तच वेळ वेणी घालत बसली.

सगळं असं गोडीगुलाबीने चाललं असताना एका रविवारी तिला त्याची मोटरसायकल वरच्या आळीत दिसली. राजेश्वरीच्या फाटकासमोर. राजेश्वरी तिची लहानपणापासूनची मैत्रीण, पोलीस भरतीची तयारी करणारी. उंच, धावून धावून अंग कसं वेतासारखं झालेलं, कुणाशीही डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. आजवर शिवांजलीला या सगळ्याचं कौतुक होतं. त्या दिवशी मात्र तिच्या लक्षात आलं की राजेश्वरी फार मोठ्याने हसते. मुलीच्या जातीने इतक्या मोठ्याने हसावं का?

साईराज आल्यावर तिने सहज विचारावं तसं विचारलं, की वरच्या आळीतल्या गाडीची तब्येत कशी आहे.

“त्यांच्या गाडीचं काय कामच नसतंय,” तो म्हणाला. “लय नीट ठेवलीया.”

लय नीट! शिवांजलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे आमची काय उकिरड्यावर ठेवली आहे? आणि काम नसतं, तर फाटकासमोर ती मोटरसायकल काय ऊन खात उभी होती? त्या दिवशी चहा कट्ट्यावर आदळला गेला.

मग तिला दुसरं काही सुचेनासं झालं. गोदामात बेदाण्याच्या पेट्या मोजताना तिच्या डोळ्यांसमोर राजेश्वरीचं बॉनेट. रात्री कूस बदलली की राजेश्वरीचं हसणं. जो मुलगा आपल्याकडे चुकून आला, तो मुळात तिच्याचकडे निघाला होता, हे तिला पुन्हा पुन्हा आठवायचं. साईराज हवा होता तिला. अगदी मनापासून हवा होता. आणि तो दुसरीचा होऊ लागलाय असं वाटल्यावरच हे तिला कळलं, याचा तिला आणखी राग आला.

गिरणीतून दळण आणताना राजेश्वरी भेटली. सहज म्हणाली, “काल साईराज आलता. आईनं जेवल्याबिगर सोडलाच न्हाई त्याला.”

झालं. इथे आपला चहा, तिथे जेवण! पुढच्या रविवारी तो ताडपत्री सोडायला वाकला, तेवढ्यात शिवांजली म्हणाली, “आमची गाडी आमी बघू. पुढच्या रविवारपास्नं येऊ नका.”

तो वळला. “माझं काय चुकलं?”

“वरच्या आळीत इच्यारा.”

त्याला काही उमगलं नाही. गाठी पुन्हा होत्या तशा बांधून तो निघून गेला. तिने आत जाऊन भरपूर रडून घेतलं, आणि आईला सांगितलं की डोळ्यांत बेदाण्याला देतात त्या गंधकाचा धूर गेला.

पुढे उन्हाळा तापला. गाडीला कुणी हात लावला नाही. शिवांजलीने तर ताडपत्रीकडे बघायचंही सोडलं. आणि मग दादाचा, इंद्रजितचा, फोन आला : जत्रेसाठी सुट्टी मंजूर झाली आहे. मिरज स्टेशनवर उतरतोय, आणि गाडी घेऊन शिवांजलीनेच यावं. तिने लायसन काढलंय ते काय फ्रेम करून लावायला? पोराचाच हुकूम म्हटल्यावर आण्णांनी किल्ली दिली.

दादा यायच्या दिवशी सकाळी तिने किल्ली फिरवली. टक् टक् टक्... आणि शांतता. पुन्हा फिरवली. आता टक्सुद्धा नाही.

“ते पोरगं दर रविवारी येत व्हतं, ते कुठं गेलं?” आण्णांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बागेकडे गेले. ते गेले ते बरंच झालं.

एका गाडीची बॅटरी दुसरीला जोडून चालू करायच्या वायरी राजेश्वरीकडे होत्या. मान खाली घालून शिवांजली वरच्या आळीत गेली. राजेश्वरीने आधी आपल्या गाडीचं बॉनेट उचललं, आणि शिवांजलीला दिसलं की बॅटरीची काळी वायर बाजूला काढलेली आहे. टोकाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली.

“ही तुटलीया का?”

“काढून ठेवलीया. साईराजनं पयल्याच दिवशी सांगितलं. गाडी लय दिवस उभी ऱ्हाणार असंल तर निगेटिव्हची वायर काढून ठेवायची. बॅटरी उतरत न्हाई. बाबा सुट्टीवर यायच्या आदल्या दिवशी लावली की झालं.”

“मग... त्यो येतो कशाला?”

“गाडीसाठी पुन्हा आलाच न्हाई. इन्व्हर्टरला पाणी घालायला येतोय कवातरी.” राजेश्वरी थांबली. मैत्रिणीचा चेहरा तिने नीट पाहिला. “तुला न्हाई सांगितलं व्हय त्यानं हे वायरीचं?”

शिवांजलीने मान हलवली. नाही.

“आन् दर रविवारी येत व्हता? अर्धा अर्धा तास?”

राजेश्वरी हसली. खूप मोठ्याने हसली. शिवांजलीला आधी लाज वाटली, मग साईराजचा भयंकर राग आला, आणि रागाच्या खालून असा काही आनंद उसळून वर आला की वायरी घ्यायचंही तिला सुचलं नाही. ती तशीच निघाली. वाटेतच तिने त्याला फोन लावला. “बॅटरी गेली. या,” एवढंच म्हणाली.

तो आला. मीटर लावून बघितलं. पार उतरलेल्या बॅटरीने असा उन्हाळा काढलेला, ती आता चार्ज करूनही टिकणार नव्हती. नवी त्याने सोबतच आणली होती : त्याच मापाची, टोकं त्याच बाजूंना असलेली. आधी काळी वायर सोडली, मग लाल. नवी बसवून आधी लाल जोडली. काळी हातात घेतली, तेव्हा शिवांजली जवळ येऊन उभी राहिली.

“ही काढून ठेवली असती तर तुमाला इथं यावंच लागलं नसतं. खरं का?”

त्याचा हात थांबला. “...व्हय.”

“राजेश्वरीला सांगितलंत. मला का न्हाई?”

तो बॅटरीकडे बघतच म्हणाला, “तिला सांगितलं, आन् तिकडचं येणं मिटलं. तुमाला सांगितलं असतं तर... इकडचंबी मिटलं असतं. ते मला नको व्हतं.”

कट्ट्यावरची कोंबडी उडून खाली आली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं, कारण एकमेकांकडे बघायची हिंमत होत नव्हती. मग त्याने वायर जोडून नट आवळला. तिने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

“दादाची सुट्टी संपली,” ती स्टिअरिंग धरून समोर बघत म्हणाली, “की ही वायर मी काढून ठेवणार.”

त्याचा चेहरा पडला. “मग रविवारी मी...”

“रविवारी बॅटरीसाठी यायचं न्हाई. या रविवारी जत्रा हाय. दादा असंल, आण्णा असतील. घरच्यांना घिऊन या, आन् काय इच्यारायचं ते सरळ इच्यारा.”

“आन् त्यांनी तुमाला इच्यारलं तर?”

“मी व्हय म्हणंन,” शिवांजली म्हणाली.

तिने गाडी मागे घेतली, फाटकातून वळवली, मग करकचून ब्रेक लावला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“आन् वरच्या आळीतल्या त्या इन्व्हर्टरला पाणी घालायला दुकानातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.”