पळपुट्याचा पुतळा

“मोठीआई, अगं इकडे बघ ना! जरा हस की!”

चिऊने एका हाताने मोबाईल उंच धरला होता आणि दुसरा हात पुतळ्याच्या गळ्यात टाकला होता. पुतळा फायबरचा, चांगला माणसाएवढा! डोक्याला खाणकामगाराची टोपी, खांद्यावर बोचकं, एक पाय हवेत, आणि तोंडावर असा काही बावळट घाबरटपणा रंगवलेला की बघणाऱ्याला हसूच फुटावं. खाली पाटी होती, ‘पळपुटा. याच्यासोबत फोटो काढा!’

वहिनी हसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली… आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिने ती मुकाट्याने गिळली.

चिऊ तिच्या दिराची लेक. वहिनीनेच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलेली, म्हणून मोठीआई. पोरीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, तिचं बिऱ्हाड लावून द्यायला तिघं गाडीने निघाली होती. धाकटी जाऊ गुडघ्यांचं निमित्त सांगून घरीच राहिली. चिऊ गाडी चालवत होती, दीर तिच्या शेजारी, आणि मागच्या सीटवर गाद्यांच्या वळकटीला टेकून वहिनीला डुलकी लागली होती. नवा हमरस्ता कुठून कुठून जातो हे त्या दोघांना काय ठाऊक! गाडी थांबली, तिने डोळे उघडले, आणि समोर तोच लोखंडी मनोरा… तीच दोन मोठी चाकं, ज्यांच्यावरून माणसांचा पाळणा खाली खाणीत उतरायचा! आता त्यांना रंगीत दिवे लावले होते. पायथ्याशी तिकीटखिडकी, आइस्क्रीमचं दुकान, आणि भलीमोठी पाटी, ‘खाणीत उतरा, थरार अनुभवा!’

“बाबा, जायचं का आत? मस्त वाटतंय!” चिऊने विचारलं होतं. बिचारीला काय माहीत! आपले काका फार पूर्वी घर सोडून गेले, एवढंच तिला सांगितलेलं. घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

धाकटा दीर तेव्हाच म्हणाला असता, गाडी वळव म्हणून, तर काही झालं नसतं. पण मनोऱ्याकडे बघता बघता त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. “चल,” तो दात खात म्हणाला, “बघूच आज.” आणि वहिनीकडे न बघता तिकिटं काढून मोकळा झाला.

आणि आता आत शिरताच, दगडी भिंतींच्या दालनात हा पुतळा!

गाईड तरुण होता, बोलण्यात पटाईत. वीस-पंचवीस माणसं जमल्यावर त्याने पुतळ्याच्या पाठीवर थाप मारली.

“तर मंडळी, ओळख करून घ्या! या महाशयांचं काम काय? सगळ्यांच्या आधी खाली जायचं, पेटणारा वायू साठलाय का ते बघायचं. शिवाय खाली उतरणाऱ्या एकूणएक माणसाची झडती घ्यायची. विडी नाही, काडेपेटी नाही, काही म्हणता काही आत जाता कामा नये. आणि साहेबांनी केलं काय? वायू दिसला, आणि कुणाला न सांगता ठोकली धूम! मागे स्फोट, माणसं गाडली गेली, आणि हे बोचकं घेऊन पसार! खोटं नाही सांगत, त्याच्या बायकोनेच तशी साक्ष दिली. म्हणाली असेल मनात, सुंठीवाचून खोकला गेला!”

सगळे खो खो हसले. चिऊसुद्धा हसली… ज्या चिऊच्या तापात वहिनीने रात्र रात्र डोळ्याला डोळा लावला नव्हता, ती तिची लाडाची चिऊ! वहिनीने लोखंडी कठडा इतका घट्ट धरला की हाताला कळ लागली. अगं, ज्याला हसतेस तो तुझा काका! पण ओठ उघडले नाहीत. एवढी वर्षं तोंडाला कुलूप घातलं, ते आता काय उघडणार!

तेवढ्यात धाकटा गर्दीतून पुढे झाला. पुतळ्यासमोर उभा राहिला. साठीच्या घरात आलेला, शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस!

“हसा, हसा!” तो ओरडला. “हा माझा सख्खा भाऊ! मी याच खाणीत बेशुद्ध पडलो होतो, आणि हा मला टाकून पळाला. मला, याच्या पाठच्या भावाला! परक्या माणसांनी वर काढलं मला! लाज वाटते मला याची!”

आणि तो त्या पुतळ्याच्या तोंडावर थुंकला.

पुढचं काय झालं ते वहिनीला स्वतःलाही कळलं नाही. गर्दी बाजूला सारून ती पुढे आली आणि तिने धाकट्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. ज्याला एकोणीस वर्षांचा असताना भरवून उठवला, ज्याच्यावर आयुष्यात कधी हात उगारला नाही, त्याच्या!

“थुंकतोस? कुणावर थुंकतोस मेल्या? ज्याच्या पाठीवरून वर आलास, त्याच्यावर?”

“वहिनी…”

“गप्प! एक अक्षर बोलू नकोस. आज मी बोलणार!” तिचा आवाज त्या दगडी भिंतींमध्ये घुमला. “वायू बघून हे वर आले, ते थेट मॅनेजरच्या दारात. मी डबा घेऊन तिथेच उभी होते, माझ्या या कानांनी ऐकलंय! ‘साहेब, माणसं वर काढा.’ तर तो मेला म्हणतो, आजचा माल पुरा होऊ दे, मग बघू! तेव्हा हे उलट्या पावली खाली गेले. पहिल्यांदा तुला आणलं. वायूने चक्कर येऊन पडला होतास तू. तुला पाठुंगळीला मारून आणलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. म्हणाले, ‘याला बघ, बाकीची आहेत अजून.’ घोटभर पाणीसुद्धा प्यायले नाहीत रे… पाळणा खाली गेला आणि जमीन हादरली!”

कुणी हसत नव्हतं. चिऊने मोबाईल खाली केला होता आणि ती आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

“पण… पण साक्ष तर तू दिलीस,” धाकटा पुटपुटला. “कपडे घेऊन गेले, असं तूच मला सांगितलंस!”

“सांगितलं. कारण तुझ्या खिशात काडेपेटी निघाली!”

धाकट्याचा हात नकळत खिशाकडे गेला.

वहिनीच्या डोळ्यांपुढे तो सगळा काळ उभा राहिला. नवरा झडतीला इतका कडक की बापाच्या वयाच्या कामगाराचीही टोपी उलटी करून बघायचा. लोक चिडायचे, शिव्या घालायचे, पण त्याने कुणाची गय केली नाही. फक्त धाकटा समोर आला की पाठीवर थाप मारायचा आणि ‘जा’ म्हणायचा. घरच्या माणसाची कसली झडती! सगळ्या खाणीत एकच माणूस झडतीवाचून खाली जायचा, आणि तो त्याचा भाऊ होता.

“दवाखान्यात मी तुझ्या खाटेशी बसले होते,” ती म्हणाली. “कंपनीचा साहेब आला. पेटी बोटांत नाचवत म्हणाला, ‘बाई, दोहोंतलं एक सांगा. नवरा पळाला, की दिराने काडी ओढली? लोक बाहेर दगड घेऊन उभे आहेत. त्यांना कुणीतरी द्यायला हवं.’ आग कोंडायला खाणीचं तोंड विटांनी बंद करायला घेतलं होतं रे! हे तर गेलेच होते… आणि तू माझ्यासमोर श्वास घेत होतास. मी काय सांगायला हवं होतं? बोल ना, मुख्याध्यापक!”

“मी काडी ओढली नव्हती, वहिनी!”

“मला ठाऊक होतं. पेटी कोरी होती. आणि ती… ती मीच आणायला सांगितली होती तुला. सकाळी स्टोव्ह पेटवायला घरात काडी नव्हती. तू कामावर जाता जाता घेतलीस आणि खिशात विसरलास.”

इतका वेळ चढलेला तिचा आवाज इथे खाली आला. पण आता धाकटा पेटला होता!

“मग मला जाऊ द्यायचं होतंस तुरुंगात! कुणी सांगितलं होतं तुला वाचवायला? वहिनी, तू माझा भाऊ चोरलास माझ्यापासून! चाळीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. त्याचा एकुलता एक फोटो मी अंगणात जाळला, आणि तू दारात उभी राहून बघत होतीस! कसं बघवलं तुला?”

“नाही बघवलं! पण खरं सांगितलं असतं तर तू गप्प बसणाऱ्यातला होतास? भर चौकात जाऊन ओरडला असतास. जाताना ह्यांनी एक जीव माझ्या पदरात टाकला होता, तोही घालवू?”

“आणि नंतर? कंपनी बुडाली, तो साहेब मेला, माझं लग्न झालं, ही चिऊ झाली… नंतर का नाही बोललीस?”

सगळ्या त्यागाच्या तळाशी वहिनीने याचंच उत्तर लपवलं होतं, स्वतःपासूनसुद्धा.

“भ्यायले,” ती शेवटी म्हणाली. “तू मला आईसारखं मानायचास. वाटलं, पेटी मी मागवलेली हे कळलं, तर तू मला वहिनी म्हणून हाकसुद्धा मारणार नाहीस. मग या म्हातारीचं उरलं काय?”

संताप धाकट्याच्या चेहऱ्यावर तसाच होता, ओसरला नव्हता. त्याने खिशातून रुमाल काढला आणि पुतळ्याच्या तोंडावरची थुंकी पुसायला लागला. पुसून झालं तरी पुसतच राहिला… गालावरून, कपाळावरून, जणू तापलेल्या माणसाचा घाम टिपावा तसा.

“दादा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून प्रथमच निघाला होता!

चिऊ रडत होती. तिने बोचक्याला हात घातला, दोन हिसक्यांत ते पुतळ्याच्या खांद्यावरून उपटलं आणि कोपऱ्यात भिरकावलं.

“अहो ताई, काय करताय?” गाईड धावला. “मला भरून द्यावं लागेल! आणि आम्हाला वरून जे सांगितलंय तेच आम्ही सांगणार ना!”

“मग आता खालून ऐका!” चिऊ कडाडली.

इतक्यात पुढची तुकडी आली. बायका-माणसं, हातात आइस्क्रीम, पुतळा दिसताच मोबाईल वर झालेले. गाईडने ओशाळून घसा साफ केला. धाकट्याने त्याच्या छातीवर हात ठेवला.

“तुम्ही थांबा. मी सांगतो.”

आणि त्याने सांगितलं. झडती सांगितली, मॅनेजरचा दरवाजा सांगितला, आपल्या खिशातली काडेपेटी सांगितली, कुठे काही झाकलं नाही. पण साक्षीपाशी आल्यावर तो अडखळला. वहिनीला लोकांसमोर खोटी कशी ठरवायची?

वहिनीने पदर सावरला आणि ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“खोटी साक्ष दिली,” ती म्हणाली. “मी दिली. मीच त्याची बायको.”

धाकट्याने चटकन तिचा हात धरला. घट्ट, रागारागाने धरावा तसा. पण धरला, आणि सोडला नाही.

“वहिनी, पुरे. बस आता.”

“नाही रे, बोलू दे. पळून गेलेल्याच्या बायकोला रडायचीसुद्धा चोरी असते.” मग ती त्या अनोळखी लोकांकडे वळली. “माझा नवरा पळाला नाही हो! तो खाली गेला. माणसं आणायला खाली गेला. अजून खालीच आहे…”

आणि चाळीस वर्षांनी, दिराचा हात धरून, चारचौघांत, तिने आपल्या नवऱ्यासाठी गळा काढला.