पश्चिम माचीचा पहारा

पूर्वेच्या डोंगररांगेआडून तांबडं फुटलं, तरी सावळगडाच्या पश्चिम माचीवरचं धुकं हलायला तयार नव्हतं. आणि त्या धुक्यात, तटाच्या कडेला, घोंगड्यांखाली झाकलेले सात देह ओळीनं निजवलेले होते.

गडाचे हवालदार सुभानराव धामणकर सदरेच्या पायरीवरून तिकडे पाहत होते. पाय मात्र पुढे पडत नव्हते. वेढ्याचा हा तिसरा महिना. पहाटेच्या अंधारात गनिमानं माचीला दोराच्या शिड्या लावल्या, पेंगुळलेले पहारेकरी कापले आणि तो तटावर चढलाही; सरनोबत नागोजी बेंदरे हाताशी सापडले ते लोक घेऊन धावले, शिड्या तोडल्या, म्हणूनच गड राहिला.

पाचच दिवसांपूर्वी याच नागोजींनी भरल्या सदरेत अर्ज केला होता. "हवालदार, पश्चिम माचीवर तीच माणसं दिवसरात्र उभी आहेत. पहारा वाढवावा, बदली द्यावी."

"पहारा कसा ठेवावा, हे आम्ही आता तुमच्याकडून शिकायचं?" सुभानराव म्हणाले होते. "एवढं भय वाटत असेल, तर मुदपाकखान्याची राखण करा!"

सदर हसली होती. नागोजी मुजरा करून निघून गेले. त्या दिवसापासून हवालदारांच्या कानी फक्त गोड खबरा येत होत्या, आणि ते त्यातच खूश होते.

"सात माणसं पडली. हुजुरांना जाब द्यावा लागेल," मागून सबनीस त्रिंबकपंत हलक्या आवाजात म्हणाले. गडाचा पत्रव्यवहार त्यांच्या हाती होता. "पहारा सरनोबतांच्या अखत्यारीतला. शिड्या लागेपर्यंत ते स्वस्थ का बसले, असं कोणी विचारलं तर? फितुरीचा संशय येण्याजोगंच आहे सारं."

"पण त्यांनीच तर..."

"त्यांनी तोंडी सांगितलं. कागद कुठे आहे?"

पंतांनी हुजुरांच्या नावे, नागोजींवर ठपका ठेवणारं पत्र लिहून पुढे केलं, आणि हवालदारांच्या हातानं त्यावर शिक्का उमटला. नागोजींना मुसक्या बांधून आणलं. सजा ठरली कडेलोटाची, दिवस मावळायच्या आत.

दुपारी ताट तसंच परत गेलं. सुभानराव खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. त्या माचीवर आपण शेवटचं पाऊल कधी ठेवलं, हे ते आठवू लागले. दीड महिना झाला होता. पडलेल्या सातांपैकी त्यांना फक्त दोघांची नावं ठाऊक होती.

उन्हं कलली तेव्हा सारी शिबंदी कड्यापाशी जमली. हवालदार येताच लोक ज्या रीतीनं बाजूला झाले, त्यात अदब नव्हती.

"सरनोबत, काही सांगणं आहे?" सुभानरावांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

नागोजींनी क्षणभर त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "आहे. माचीवर जे उरलेत, त्यांना आज झोपू द्या. त्यांच्या जागी बालेकिल्ल्यावरचे वीस जण पाठवा. आणि दर प्रहराला बदली करा, हवालदार. माणूस चार दिवस जागा राहू शकत नाही."

स्वतःसाठी एक शब्दही नाही.

सबनीसांनी खूण केली, तसे दोन शिपाई पुढे सरले.

"थांबा!"

सुभानरावांनी डोईचं पागोटं उतरवून नागोजींच्या पायाशी ठेवलं. "गडकरी हो, ऐका! सरनोबतांनी भरल्या सदरेत मला सावध केलं, आणि मी त्यांना हसण्यावारी नेलं. फितूर कोणी नाही. ती सात माणसं माझ्या ताठ्यानं गेली, आणि स्वतःला वाचवायला मी आठव्याचा जीव घ्यायला निघालो होतो. कडेलोट करायचाच असेल, तर मी उभा आहे."

सुभानरावांनी स्वतःच्या हातांनी नागोजींच्या मुसक्या सोडल्या.

"पागोटं उचला," नागोजी कोरडेपणानं म्हणाले. "मला त्याचा उपयोग नाही. मला वीस माणसं हवीत."

"एकवीस घ्या," सुभानराव म्हणाले.

पंतांचं पत्र फाडून हुजुरांकडे दुसरं गेलं; त्यात अपराध्याचं नाव सुभानरावांनी स्वहस्ते लिहिलं. महिनाभर ते भाला घेऊन माचीवर आपली पाळी भरत राहिले. तिथल्या लोकांची, त्यांच्या घरच्यांची नावं त्यांना पाठ झाली. गनिमानं आणखी दोनदा शिड्या लावल्या; दोन्ही वेळा जागे पहारेकरी समोर होते. अखेर वेढा उठला. हुजुरांचा हुकूम आला: सबनिशी त्रिंबकपंतांकडून काढली, हवालदारी नागोजींना दिली.

सुभानराव गड उतरले ते घरी गेले नाहीत. सात गावं, सात उंबरे त्यांना गाठायचे होते. चौथ्या घरी, कोंडाजी शेडगे या पहारेकऱ्याची बायको ओट्यावर दळण निवडत होती. त्यांनी घातलेला नमस्कार तिनं घेतला, पाणी दिलं, आणि खाली पाहतच विचारलं,

"वेढ्यातून निसटलेल्या जासुदाहाती धन्यांचा निरोप आला होता. लिहिलं होतं, सरनोबतांनी वर सांगितलंय, आता बदली मिळेल. वर म्हणजे कुणाला सांगितलं होतं, काका?"

सुभानरावांनी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"मला, बाई," ते म्हणाले.