उजवीकडचं पान

सुट्टी लागली की वस्तीच्या वाचनालयात पाऊल ठेवायला जागा नसे. बाहेर ऊन मी म्हणायचं आणि आतली फरशी गार. पोरं पालथी पडून वाचायची, चोर कोण ते आधीच फोडून दुसऱ्याच्या गोष्टीचा विचका करायची, पुढच्या भागासाठी झोंबाझोंबी करायची. ग्रंथपालबाई टेबलावर पट्टी आपटून आपटून दमत. पंचवीस वर्षं "हळू बोला" म्हणण्यात गेली त्यांची. आणि या उन्हाळ्यात बघा, एका पोरीने तोंड उघडावं म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

ती त्यांची भाची, धाकट्या भावाची मुलगी. आठ वर्षांची. आई गेल्याला चार महिने झाले होते आणि तेव्हापासून तोंडातून अवाक्षर नाही. घसा ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. भाऊ कामावर जाताना तिला इथे सोडायचा.

"ताई, आठवड्यावर शाळा आली. कसं व्हायचं गं हिचं?"

"बोलेल रे. धीर धर," बाई म्हणत, पण मनात त्याही दिवस मोजत.

पोरगी खिडकीजवळच्या बाकावर डाव्या टोकाला अंग चोरून बसे. सोबत एकच जाडजूड पुस्तक. एका दुपारी फाटक्या पुस्तकांना खळ लावता लावता बाईंचं तिकडे लक्ष गेलं. डावीकडचं पान ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती. उजवीकडचं आलं की बोट उचलायची, हात मांडीवर घ्यायची आणि मान कलती करून कुणाचं तरी ऐकत बसायची. मग पान उलटायचं.

एक पान तू, एक पान मी. मायलेकी रोज अशाच वाचायच्या, बाईंना ठाऊक होतं. सवय हो, दुसरं काय! त्यांचे डोळे भरून आले.

पण पान उलटलं तेव्हा पोरीचे दोन्ही हात मांडीवरच होते.

"पंख्याचा वारा," बाई पुटपुटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंखाच बंद केला. पोरांनी बोंब ठोकली, "बाई, उकडून मरतोय आम्ही!" खिडकीचा पडदा हलेनासा झाला. पान मात्र उलटलं. घाई नव्हती, आधी कोपरा अलगद उचलला गेला.

हे पुस्तक आता काढूनच घ्यायचं. बाई उठल्या, चार पावलं गेल्या आणि जागीच थबकल्या. पोरीचे ओठ हलत होते. आवाज फुटत होता, घोगरा, अडखळता, पण आवाज!

भूत असो नाहीतर देव, माझं लेकरू बोलतंय ना! बाई आल्या पावली मागे फिरल्या.

मग रोज आवाज मोठा होत गेला. पोरं आपापली पुस्तकं सोडून, सरकत सरकत बाकापाशी येऊन ऐकू लागली. कुणाला दटावायची वेळच येईना. हळूहळू पोरगी उजवीकडची पानंही वाचू लागली. ती वाचताना आवाज सावकाश व्हायचा, वाक्याच्या शेवटी किंचित हसायचा. शिकली हो आईसारखं वाचायला, असं बाईंना वाटलं. त्या दुपारी त्यांना सुखाने डुलकी लागली.

शेवटच्या दिवशी ती बाकाच्या उजव्या टोकाला बसली.

तिने फक्त उजवीकडची पानं वाचली. डावीकडचं पान आलं की गप्प व्हायची. मान कलती करून ऐकायची, कौतुकाने.

पान आता तीच उलटत होती.

गोष्ट संपली. पुस्तक मिटून ती टेबलापाशी आली. आनंद की भीती, बाईंचं बाईंना कळेना.

"बोल राजा. आत्याशी बोल ना गं."

पोरीने चवड्यांवर उभं राहून बाईंचे विस्कटलेले केस कानामागे सारले.

"किती वाळलात हो, वन्सं," ती म्हणाली.