कुंदन झोपतो तेव्हा

ही गोष्ट दोन हजार सतरा सालची. दिंडोरीकडे द्राक्षांचे घड भरायला लागले होते, आणि आमच्या घरात कित्येक महिन्यांत कोणी धड झोपलेलं नव्हतं.

देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या आतल्या बाजूला आमची तीन मजली इमारत आहे. मी अजून तिथेच राहते. मधलं घर आमचं. खाली खंडेराव, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे. वर तृप्ती, डबे करून देणारी. तिचा नवरा जहाजावर असतो, वर्षातून एकदा येतो. दिवसा लष्कराच्या सरावाच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की आमच्या खिडक्यांच्या काचा बारीक थरथरतात. नवा माणूस दचकतो. माझा नातू कुंदन पोटात असल्यापासून ते ऐकत आला होता, त्यामुळे तोफा चालू असताना तो खुशाल झोपे. त्याचं वैर होतं ते रात्रीशी.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. उभी नोकरी रात्रपाळ्यांत गेली. जागणाऱ्या माणसाला पहाटे काय काय ऐकू येतं आणि त्यातलं किती खरं असतं, हे मला चांगलं माहीत आहे. पुढचं सांगताना मी ते विसरलेली नाही.

माझा अमोल शाळेत जाईपर्यंत माझ्या कुशीत झोपला. तेव्हा आम्ही नाशिकरोडला एका खोलीत राहायचो. रात्री गाद्या ओळीने पडत, आणि मूल ज्याच्या हाताला लागेल तो त्याला थोपटी. सासूबाई, नणंद, कधी मुक्कामाला आलेला कोणी भाऊबंदसुद्धा. मुलाला झोपायला शिकवावं लागतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पण तेव्हा एका मुलामागे दहा हात होते. निकिताला, माझ्या सुनेला, दोनच होते. अमोल अंबडच्या कारखान्यात बारा-बारा तास उभा असे, आणि माझे गुडघे रात्री उठायला नकार देत.

निकिता दिंडोरीजवळच्या एका वायनरीत प्रयोगशाळेत काम करायची. हंगाम सुरू झाला की रसाची साखर, आंबटपणा, सगळं तिच्या हाताखालून जायचं. संक्रांतीनंतर तिला रुजू व्हायचं होतं. पण कुंदन रात्री तासातासाला उठे, आणि तिनेच उचललं तरच गप्प होई. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं. बोलता बोलता ती वाक्य मध्येच सोडून देई आणि आपण सोडलंय हेही तिला कळत नसे.

एका पहाटे मला वासाने जाग आली. स्वयंपाकघरात गेले तर निकिता गॅसपाशी उभी होती. कुंदन तिच्या खांद्यावर. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू, खिडकी बंद. ती उभ्या उभ्या झोपली होती. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, मूल काढून घेतलं. तेव्हा तिने डोळे उघडले आणि ती शांतपणे म्हणाली, "आई, साखर कमी आहे अजून. तोडायला नको." ती अजून द्राक्षांच्याच स्वप्नात होती.

त्या दिवशी मी अमोलला सांगितलं, "काहीही करा, पण हे पोरगं रात्री झोपलं पाहिजे. नाहीतर एक दिवस आपण कोणीच उठणार नाही."

निकिताने मोबाईलवर कुठलासा कोर्स लावला होता. त्यातली बाई सांगे की बाळाला जागं असतानाच पाळण्यात ठेवायचं आणि खोलीतून निघून यायचं. रडलं तर थोडं थांबून आत जायचं, थोपटायचं, पण उचलायचं नाही. दर वेळी जास्त थांबायचं. मी सल्ला द्यायचा नाही आणि आत जायचं नाही, एवढंच माझ्या वाट्याला आलं. कुंदनला मधल्या खोलीत लाकडी पाळण्यात ठेवलं. निकिता आणि अमोल दाराबाहेर गादी टाकून झोपले. माझा पलंग त्याच खोलीच्या भिंतीला लागून, अलीकडे.

तो जसा रडला, तसं रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. रागाने, मग घाबरून, मग नुसतं सवयीने. मी पलंगावर उठून बसे आणि भिंतीकडे बघत ऐकत राही. खाली खंडेरावांच्या घरातला दिवा लागे. वर तृप्तीची पावलं थांबत. सगळी इमारत श्वास धरून त्या एका आवाजाकडे कान लावून बसे, कधी थांबतो याची वाट बघत.

"कोर्ट मार्शल चाललंय का हो पोराचं?" खंडेराव जिन्यात म्हणाले.

"तुम्हाला त्रास होत असेल."

"तोफेखाली झोपलोय मी, ताई. पण हे जमत नाही. वाटतं आपणच वर यावं."

पाचव्या-सहाव्या रात्री आवाज आला नाही. कुंदन पाळण्यात ठेवताच कुशीवर वळला आणि उजाडेपर्यंत झोपला. निकिताही झोपली. सकाळी तिने केस विंचरले, शिरा केला आणि खालीवर दोन्ही घरांत वाट्या पाठवल्या. कित्येक महिन्यांनी तिने एक वाक्य सुरू करून पूर्ण केलं.

मी मात्र रात्री जागी झाले होते. झाले म्हणजे, भान आलं तेव्हा मी बसलेलीच होते. पाठ ताठ, तोंड भिंतीकडे. रडण्याचा आवाज नव्हता. सवयीने उठले असेन म्हणून आडवी झाले, पण झोप आली ती उजाडल्यावर. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री मी उशी पायथ्याशी घेतली. तरी भान आलं तेव्हा समोर तीच भिंत होती.

त्या आठवड्यात खंडेराव मानेला पट्टा लावून दिसले.

"काय सुभेदार, कोणी मान मोडली?"

"मोडायला घरात माणूस तर पाहिजे," ते म्हणाले. हसले, पण डोळे लाल होते. "रात्री उठून बसतो मी. मान अशी वर, छताकडे. सकाळपर्यंत आखडून जाते."

"पंख्याकडे बघत असाल."

"थंडीत पंखा कोण लावतं? आणि पंखा मधोमध आहे. मी बघतो ते कोपऱ्यात." पट्टा चाचपत ते म्हणाले, "पहाऱ्यावरचा संत्री म्हणून खूप रात्री काढल्या मी. तेव्हा माहीत असायचं, कुठून कोण येऊ शकतं. हे म्हणजे कोणीतरी ड्युटी लावलीय, आणि नजर कशावर ठेवायची ते सांगितलंच नाही."

तृप्ती दुपारी वाटी परत द्यायला आली. ती बोलकी पोरगी, पण त्या दिवशी दारातच उभी राहिली.

"काकू, रात्री तुमच्याकडे काही चालू असतं का?"

"नाही गं. आता तर तोही रडत नाही."

"मग मलाच वेड लागलंय. काल मी पलंग सरकवला. एकटीने, तो सागवानी पलंग. आणि खालच्या फरशीकडे बघत बसले होते, मांडी घालून. कडधान्य भिजवायचं राहिलं. सकाळी डबेवाली गिऱ्हाईकं बोंबलली."

मी तिला पलंग कुठे असतो ते विचारलं. तिने सांगितली ती जागा कुंदनच्या पाळण्याच्या बरोबर वर येत होती. मग तिला चहा प्यायला बसवलं.

मला अंदाज बांधण्यापेक्षा करून बघणं बरं वाटतं. खात्यात बिघाड शोधायची तीच रीत होती. खिडकीतून वारं लागतं असं सांगून मी अमोलकडून पाळणा समोरच्या भिंतीला हलवून घेतला.

दुसऱ्या दिवशी खंडेराव जिन्यात भेटले. पट्टा तोच होता.

"आज डावीकडची आखडली," ते म्हणाले. "जरा तरी बदल."

पाळणा हलवल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

संक्रांतीला निकिता कुंदनला घेऊन माहेरी सटाण्याला गेली. त्याचं पहिलं बोरन्हाण तिच्या आईला, बायडाबाईंना, स्वतःच्या अंगणात करायचं होतं. इकडे त्याच रात्री मी पडल्या पडल्या झोपले. खंडेरावांनी पट्टा काढून टाकला. तृप्तीने सकाळी उशीर झाला म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या आणि हसली.

चार दिवसांनी बायडाबाईंचा फोन आला. बोलणं नेहमीचं अहिराणी, पण आवाज खोल गेलेला.

"विहीणबाई, पोर गुनी शे. रातभर झोपस. आमलेच झोप नही."

"नवी जागा म्हणून उठवत असेल तुम्हाला."

"तो कोठे उठस? तो झोपस, निकिता झोपस. आमी बठी बसेल ऱ्हातंस. गोठामा गायी बी उभ्या ऱ्हातीस, घरकडे तोंड करीसन." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मीठ-मोहऱ्या उतारी टाक्यात. काय फरक नही."

मी विचारलं, "निकिताला सांगितलं?"

"नही. पोर किती दिवसनी झोपी ऱ्हायनी. कसं सांगू?"

मीही सांगितलं नाही.

ती परत आली आणि रुजू झाली. अमोल तिला सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात सोडी, तिथून कंपनीची गाडी. संध्याकाळी ती द्राक्षांच्या वासाने भरून घरी येई, पोटभर जेवे, कुंदनला पाळण्यात ठेवी आणि दार लावून घेई. थंडी म्हणून आता ती आणि अमोल त्याच खोलीत, पाळण्यापासून हातभर अंतरावर झोपत. घरात गॅसचा वास पुन्हा आला नाही. मी मात्र भाजी चिरताना पेंगू लागले. अमोलचा हात मशीनवर कापता कापता वाचला.

म्हणून एका रात्री, भिंतीकडे तोंड करून बसलेली असताना, मी ठरवून पाय खाली टाकले. जड होते, पण हलले. मी त्यांच्या खोलीचं दार उघडलं.

छोटा दिवा चालू होता. निकिता भिंतीकडे वळून गाढ झोपलेली. अमोल गादीवर बसलेला होता. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे उघडे, पाळण्याकडे.

"अमोल."

त्याने पापणीही हलवली नाही.

पाळण्यात कुंदन उताणा झोपला होता. मुठी सैल, ओठ अर्धवट उघडे. बाळ झोपावं तसाच. मी खूप वेळ बघितलं. दुसरं काही नव्हतं तिथे. बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी त्याच्या गालाला बोट लावलं. मग जरा हलवलं.

त्याने डोळे उघडले.

माझ्या मागे अमोल आडवा झाल्याचा आवाज आला. त्याच क्षणी खालून खंडेरावांच्या खाटेचा करकर आवाज आला. वर काहीतरी जमिनीवर हलकेच कलंडलं, माणूस बसल्या जागी कलंडावा तसं. माझ्याही डोळ्यांवर झोपेची अशी लाट आली की पाळण्याची कड धरावी लागली.

कुंदन माझ्याकडे बघत होता. त्याचा ओठ थरथरला. त्याने रडण्यासाठी छाती भरून श्वास घेतला.

निकिता झोपेत कण्हली. तिचा हात आपोआप पांघरुणाबाहेर आला, पाळण्याच्या दिशेने.

मी तो हात पाहिला. मनगट किती बारीक झालं होतं तिचं.

मग मी कुंदनच्या छातीवर तळवा ठेवला आणि थोपटायला लागले. कोर्समध्ये सांगितलं होतं तसं. उचललं नाही. हळूहळू त्याचे डोळे मिटले.

मागे अमोल उठून बसला.

मी माझ्या खोलीत गेले आणि पलंगावर, भिंतीकडे तोंड करून, माझ्या जागेवर बसले.

पावसाळ्याआधी त्यांनी म्हसरूळला घर घेतलं, निकिताला दिंडोरी जवळ पडते म्हणून. मला चला म्हणाले. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. त्यांचा टेम्पो गेला त्या रात्री आमची सगळी इमारत लवकर अंधारली.

खंडेराव त्यानंतर काही वर्षांनी गेले, झोपेतच. तृप्तीचा नवरा जहाज सोडून कायमचा घरी आला. त्यांना मुलगी झाली, आणि ती त्यांच्या दोघांच्या मध्ये झोपते. बायडाबाई नातवाला अजूनही बोलावतात, पण दिवसा. दिवेलागणीच्या आत परत पाठवतात आणि कारण सांगत नाहीत. अमोलने कारखान्यात कायमची रात्रपाळी मागून घेतली. दिवसा झोप बरी लागते, एवढंच तो म्हणतो. म्हसरूळच्या त्यांच्या सोसायटीत शेजारी टिकत नाहीत. निकिता आता वायनरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तेज आलं. तिची झोप बघितली की मला आजही बरं वाटतं.

कुंदन हुशार निघाला. या जूनमध्ये त्याला इगतपुरीकडच्या निवासी शाळेत घातलं. मी विरोध केला, तर निकिता म्हणाली, "आई, तुम्ही उगाच काळजी करता. एकट्याने झोपायची सवय त्याला पहिल्यापासून आहे."

पहिल्या रात्रीचा फोटो रेक्टरांनी तिला पाठवला, तिने मला. खाली लिहिलं होतं, बघा, कसा शांत झोपलाय. फ्लॅश मारून काढलेला फोटो होता. पुढे कुंदन, कुशीवर, गालाखाली हात. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. त्याच्या मागे भिंतीपर्यंत खाटांच्या रांगा होत्या, आणि प्रत्येक खाटेवर एकेक मुलगा ताठ बसलेला होता. सगळ्यांचे डोळे उघडे होते. कॅमेऱ्याकडे एकानेही बघितलेलं नव्हतं.