गोळ्यांच्या डबीतून आलेला आवाज

बसा, घाई नसेल तर सांगते. दिवा असू दे तसाच.

मी मैफली रेकॉर्ड करते. त्या दिवशी मावशीकडे गेले होते ते फक्त एक माईक आणायला. काका, म्हणजे मावशीचे यजमान, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा जुना रिबन माईक कपाटात मखमलीत गुंडाळून पडला होता. काका होते तोवर त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

काका नावाजलेले गायक. मावशीही गायची, पण त्यांच्या मागे, जरा डावीकडे उभी राहून, जन्मभर. दोघांचे माईक वेगळे असायचे. गाणं रंगात आलं की काका साउंडवाल्याकडे न बघताच दोन बोटं खाली दाबल्यासारखी करायचे. म्हणजे, हिचा आवाज खाली घे. साउंडवाले इमानेइतबारे घ्यायचे. काकांच्या ढीगभर रेकॉर्डिंगमध्ये मावशी ऐकू येते ती शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी, आहे की नाही कळू नये अशी. लोक कौतुकाने म्हणायचे, काय एकरूप झालेली जोडी आहे. मला संताप यायचा. अजूनही येतो.

आणि आता मावशीच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, आणि आवाज परत येईलच अशी हमी द्यायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणून एका लहानशा सभागृहात, भर दुपारी, तिचं एकटीचं गाणं ठेवलं. पहिलं आणि बहुतेक शेवटचं. ते माझ्या हातून नीट रेकॉर्ड झालं नसतं, तर ही बाई गायची याचा जगात काही पुरावाच उरला नसता.

तिचा आवाज वयाने बारीक झालेला. माझ्याकडच्या स्वस्त माईकमध्ये तो चिरका यायचा, काकांच्या माईकमध्ये मात्र गोल आणि भरलेला. पण त्या जातीच्या माईकची एक खोड असते. त्यातून सिग्नल निघतो तो अगदी अशक्त. माझ्या साध्या मिक्सरवर तो चढवायला बटण शेवटपर्यंत फिरवावं, तर गाण्याबरोबर खरखरही चढते आणि बारीक आवाज तिच्यात बुडून जातो. त्यासाठी माईक आणि वायर यांच्यामध्ये बसवायची एक डबी मिळते. मिक्सरपर्यंत पोचायच्या आधीच ती सिग्नल चढवून देते. दुकानदाराने तिची किंमत सांगितली तेव्हा त्याच्याकडे प्यायला पाणी मागावंसं वाटलं. मग ठरवलं, घरीच करू. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर आणि बाहेरची घरघर आत शिरू नये म्हणून पत्र्याची एक डबी. बस.

"पत्र्याची डबी आहे का गं एखादी?" मी मावशीला विचारलं.

"एखादी? तो ड्रॉवर उघड."

ड्रॉवर काकांच्या गळ्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांनी भरला होता. निलगिरीच्या गोळ्या. त्यातली एक तोंडात असल्याशिवाय काका कधी स्टेजवर चढले नाहीत.

"फेकल्या का नाहीस अजून?"

"फेकू नको म्हणाले होते."

"आता कोण येणार आहे विचारायला?"

मी त्यातली एक उचलली.

तारांना सोल्डरचा डाग देताना पत्रा तापला आणि खोलीभर निलगिरीचा वास सुटला. मला तर मजाच वाटली. म्हटलं, काका, जन्मभर तिचा आवाज खाली घेतलात, आता तुमचीच डबी तो वर चढवणार आहे. असं मी मोठ्याने बोललेसुद्धा. रिकाम्या खोलीत बोलायला काय जातं?

सभागृह जुनं होतं. रस्त्याचा गोंगाट येऊ नये म्हणून जाड पडदे ओढले होते आणि रेकॉर्डिंगसाठी पंखे बंद केले होते. दुपार असूनही आत अंधारलेलं, कोंदट, धुळीचा वास. रिबन माईक पुढून जितकं ऐकतो तितकंच मागूनही ऐकतो. तेव्हा त्याच्या पाठीशी, श्रोत्यांच्या बाजूला, मी एका स्टँडवर घोंगडी टांगली. लोकांचं खोकणं तेवढं अडेल, असा हिशोब.

मी अगदी मागच्या भिंतीशी मिक्सर मांडला, कान गच्च झाकणारा हेडफोन चढवला आणि डबी चालू केली. काय सांगू! खरखर नावाला नाही. मावशीच्या बाहीची सळसळ, पेल्यातलं पाणी, सगळं कानाशी. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

तेवढ्यात कुणीतरी श्वास घेतला.

लांब, सावकाश, पोटापासून. गाणाऱ्याचा श्वास. आणि तो मावशीसारखा जवळचा नव्हता, घोंगडीआडून आल्यासारखा दबका होता. मी हेडफोन काढला. सभागृह चिडीचूप. जाऊन घोंगडीमागे पाहिलं, तर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. निलगिरीचा वास मात्र होता... पण तो डबीचा असणार, मी स्वतःला समजावलं.

"मावशी, आत्ता श्वास घेतलास का गं मोठा?"

"नाही... का?"

"काही नाही."

"माझा आवाज येतोय ना?" तिने हळूच विचारलं.

"स्वच्छ येतोय."

लोक आले, बसले. साथीच्या पियानोवाल्याने सुरुवात केली आणि मावशी गायला लागली. पहिल्या गाण्यात माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी तो आवाज एकटा, उघडा, कुणाच्या सावलीत नाही. मिक्सरवरचा काटा छान डोलत होता. मिळालं, म्हटलं. आता काही होऊ दे, हे मिळालं.

दुसऱ्या गाण्यात काका आले.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तो श्वास पुन्हा झाला आणि त्याच्यावर तो भारदस्त, गोळी चघळलेला आवाज उभा राहिला, मावशीच्या सुरावर पाय देऊन. मी सिग्नल चढवला, तर दोघेही चढले. उतरवला, तर आधी मावशी बुडाली. डबी काढून टाकावी, तर खरखरीत मावशी जाणार. शेवटच्या रांगेतले लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, माझी बटणांची खुडबुड त्यांना खुपतेय. त्यांच्याकडे बघायला वेळ कुणाला होता?

मग मावशीने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. आणि गाता गाताच ती माईकपासून एक पाऊल मागे सरकली... मग जरा डावीकडे. शेवटपर्यंत तिथेच उभी राहून गायली.

घरी येताना माझा घसा कोरडा ठणठणीत पडला होता. धूळ असेल, म्हणून सोडून दिलं.

शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला. आता मावशीकडे उरलंय ते एक घोगरं पुटपुटणं, तेही कान जवळ नेला तर कळणारं. मी तिला म्हटलं, रेकॉर्डिंग बिघडलं. ती ऐकेना. शेवटी तिच्या हाती हेडफोन दिला आणि काकांचा आवाज आल्यावर ती कशी मोडून पडेल, हे बघायची हिंमत गोळा करत समोर बसले.

ती पूर्ण ऐकेपर्यंत हलली नाही. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"छान गातेस," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला स्वतःबद्दलच काही म्हणायचंय.

"मावशी, ते काका आहेत. मलाही कळत नाही कसं, पण..."

"त्यांचा आवाज मला तू शिकवू नकोस." तिला दम लागला. "हा तुझा आहे. तिथेही ऐकला की मी... एवढं गायचं होतं, तर मला सांगायचंस. माझ्याच वेळेला का गायलीस गं?"

मी आयुष्यात कधी गायलेली नाही. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा मी नुसते ओठ हलवायचे. हे मी तिला सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती मरेपर्यंत मला माफ करणार नाही, हे तिच्या पाठीकडे बघूनच कळलं.

निदान एक साक्षीदार हवा, म्हणून बाहेर येऊन मी पियानोवाल्याला फोन लावला. म्हटलं, मावशी आजारपणात काहीबाही बोलतेय, तुम्ही स्टेजवर होतात, तिला एकदा सांगा की त्या दुपारी तिच्याशिवाय दुसरं कुणी गात नव्हतं.



"ताई," तो म्हणाला, "तुम्ही मागे उभ्या राहून गायला लागलात, तेव्हा मीही दचकलो होतो. पण मग तुम्ही माझ्याकडे न बघताच दोन बोटं खाली दाबून पियानो चढवायची खूण केलीत... मला वाटलं, तुमचं दोघींचं आधीच ठरलंय."