हाताला उरलेलं तेल

ब्रह्मपुरीत कॉलेजच्या पोरींना खोली देणारी घरं पायलीला पन्नास मिळतील. पण उजाडायच्या आत उठून पोरीसाठी फाटकाचं कुलूप काढणारी घरमालकीण एकच, ती मी, आशाबाई. त्यात माझा मोठेपणा काही नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना, गुणवंतरावांना, लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंडातून शब्द धड निघेना. तेव्हापासून मी कोंबड्याच्या आधी उठते. त्यांची कूस बदलायची, अंग पुसायचं, चहा थंड करून चमच्यानं पाजायचा. बाजारात हमालांना नुसत्या आवाजावर नाचवणारा मुकादम, तो आता छताकडं बघत पडलेला. आणि गल्लीतल्या बाया येऊन "बिचारी आशाबाई" म्हणून जायच्या. मला बिचारी म्हटलेलं खपत नाही. माझ्या सासूचीही ती हिंमत झाली नव्हती.

करिश्मा वरच्या खोलीत राहायला आली ती पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत. धानोऱ्याच्याही पलीकडं जंगलात तिचं गाव. एम.एस्सी.ला होती, झाडापाल्याचं शिकायची. खोलीत पुस्तकं कमी आणि रद्दीत दाबून वाळवलेली पानंच जास्त. अंगानं काडी, पण पोटऱ्या विळ्याच्या मुठीसारख्या घट्ट. रोज पहाटे ती नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून पळायला जायची. पाऊस असो, चिखल असो.

"कोनाची कोंबडी चोरली वं?" पहिल्याच दिवशी मी विचारलं. "एवढी पळून जाते कुठी?"

"कुठीच नाई, आई. पुलापर्यंत जाते अन् वापस येते."

"वाघ हायेत तिकडं. पळत्याच्या मागं लागते वाघ."

"मंग त अजून जोरात पळाव लागन," ती हसून म्हणाली. मग बूट काढता काढता एकदम गंभीर झाली. "एक दिवस नाई पळली तर मायं डोकंच चालत नाई, आई. पायात मुंग्या आल्यावानी होते. परीक्षेच्या दिवशीबी मी आधी पळते, मंग पेपर लिहिते."

मला ती आवडायची. तोंडावर कधी सांगितलं नाही. पोरींना डोक्यावर बसवलं की पंखा रात्रभर चालू ठेवतात.

गणपतीच्या सुमाराला ती पाळीवरून घसरली. लंगडत आली आणि पायरीवर बसली. उजव्या पोटरीत गोळा आला होता. तिच्याकडं घरून आणलेली बाटली होती, मोहाच्या बियांचं तेल, टोळीचं. तिच्या आईनंच काढलेलं. गार हवेत ते तुपासारखं थिजतं. मी ते चुलीवर कोमट केलं आणि तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. पोरगी पाय मागं घ्यायला लागली. तिच्या पायाला मी हात लावावा, हे तिला कसंतरीच वाटलं.

"गप बस," मी म्हटलं. "मी काय तुया पाया पडून राह्यली काय?"

अर्ध्या तासात गोळा उतरला. माझे दोन्ही तळवे तेलानं चपचपीत. आता हाताला लागलेलं तेल साबणानं धुऊन नालीत सोडायचं, ही आमच्या घरची रीत नाही. वाटीला चिकटलेलं पीठसुद्धा आम्ही शेवटच्या पोळीला लावतो. मी आत गेले आणि ते उरलेलं तेल ह्यांच्या मेलेल्या पायाला चोळलं.

पुढं मग रोजचंच झालं. ती पळून आली की आधी तिचे पाय, मग हाताला उरलेल्या तेलानं ह्यांचे.

दसऱ्याच्या आधी ह्यांचा उजवा अंगठा हलला. मी डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, "होते कधीकधी, मालिश चालू ठेवा." शेजारची अंजनाबाई म्हणाली, देवीनं ऐकलं. मी म्हटलं, "देवी मालिश कराले नोती आली, मीच होती."

त्याच आठवड्यात करिश्मा एका पायावर उड्या मारत घरी आली. टाचेत काटा गेला होता. मी चष्मा लावून बघितलं, सुईनं टोकरलं, बॅटरीचा उजेड पाडला. काटा काही दिसेना. "हायच नाई वं इथी काई."

"हाय, आई. ठणकून राह्यला ना."

शेवटी तेल लावून दिलं आणि आत आले. ह्यांच्या टाचेवरून हात फिरवताना तळव्याला काहीतरी बोचलं. बाभळीचा काटा. ताजा, बुडाशी ओला चिखल लागलेला. ज्या माणसानं तीन वर्षं जमिनीला पाय लावला नाही, त्याच्या टाचेत. मी चिमट्यानं तो ओढून काढला.

बाहेरून करिश्माचा आवाज आला, "गेला, आई! आपोआपच ठणका थांबला."

मी काटा खिडकीतून फेकून दिला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खाटेवर कोणीतरी काट्याची फांदी आपटली असेल, पोतं ठेवलं असेल, असं सगळं मी मनाशी घोळवून पाहिलं. पण त्या खाटेला माझ्याशिवाय कोणाचा हात लागत नव्हता, हे मला ठाऊक होतं.

मग मी पहाटे त्यांच्याजवळ बसायला लागले. फाटक वाजलं, करिश्मा गेली, की थोड्या वेळात चादर हलायची. झोपेत कुत्र्याचे पाय हलतात ना, तसे त्यांचे पाय हलायचे. डावा, उजवा, डावा, उजवा. खाटेची निवार करकरायची. ह्यांचे डोळे मात्र टक्क उघडे. मी एकदा तिला फोन लावला आणि आवाज मोठा करून मांडीवर ठेवला.

"कुठी हायेस?"

"पुलावर. दम घेऊन राह्यली. काऊन, आई?"

चादर गप्प होती.

"काई नाई. येताना दूध आनजो."

"हो जी. निघालीच."

तिनं फोन बंद करायच्या आत चादर हलली. फोनमधून तिच्या बुटांचा आवाज आणि खाटेची करकर, दोन्ही एकाच ठेक्यावर.

हे बरोबर नाही, असं सांगणारं त्या घरात एकच माणूस होतं, आणि त्याला बोलता येत नव्हतं. त्या दिवशी मी तेलाचे हात घेऊन आत गेले तेव्हा ह्यांनी चांगल्या, डाव्या हातानं माझा हात ढकलला. पुन्हा लावला, पुन्हा ढकलला. डोळे बाहेरच्या पायरीकडं, जिथं पोरगी बसली होती.

"लहान पोरावानी नका करू," मी म्हटलं आणि त्यांचा हात माझ्या गुडघ्याखाली दाबून धरला.

करिश्माचं पळणं कमी व्हायला लागलं. आधी ती पुलापर्यंत जाईना, मग पाळीपर्यंतच, मग कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत. "पाय कोनाचे तरी उसने आनल्यावानी वाटते," म्हणायची. डॉक्टरनं ताकदीचं इंजेक्शन दिलं. एका सकाळी ती अंगणातून आत आली. उजवी चप्पल उंबऱ्याशीच राहिली आणि ती तशीच पुढं चालत आली, एक पाय चपलेत, एक उघडा.

"करिश्मा, चप्पल."

तिनं खाली पाहिलं. उघड्या पायाकडं ती बराच वेळ बघत राहिली. "मले समजलंच नाई," ती हळूच म्हणाली.

मला समजलं. लकव्याची ही पहिली खूण असते. ह्यांचीही चप्पल अशीच अंगणात राहिली होती, आणि मी त्यांना वेंधळे म्हणून हसले होते.

त्या दिवशी ती पायरीवर बसली, पाय माझ्यापुढं केला आणि म्हणाली, "आई, तुमच्या हातानं बरं वाटते. जरा जास्त लावा आज."

मी लावलं. जास्त लावलं. आणि आत गेले.

कोणाला मला नावं ठेवायची असतील तर त्यानं आधी तीन वर्षं एका धिप्पाड माणसाला उचलून त्याचं मुतलेलं अंथरूण बदलून बघावं. मग बोलावं. मी ठरवलं होतं, दिवाळीपर्यंत. ह्यांनी चालत अंगणात येऊन एक दिवा लावला की मी साबणानं हात धुवीन, आणि पोरगी तरणी आहे, ती महिन्याभरात भरून निघेल. घरी कळवू नको, असं मीच तिला सांगितलं. "तुई माय घाबरन. इतक्या दुरून येऊन करन काय?"

"पळाले कवा भेटन, आई?" एवढंच ती विचारायची. अभ्यासाचं नाही, घरचं नाही.

"भेटन. दिवाळीनंतर."

तिला जिना चढवेना म्हणून तिची खाट मी खाली पुढच्या छपरीत, ओसरीवर, आणली. ह्यांना त्याच आठवड्यात पाय फुटले. आधी भिंत धरून, मग काठीनं, मग काठीही नको. अंजनाबाईनं तोंडाला पदर लावला. गल्लीतल्या सगळ्या बाया येऊन बघून गेल्या. बिचारी कोणी म्हटलं नाही. मी सगळ्यांना साखर टाकून चहा पाजला.

एकच होतं. चालताना ते माझ्याकडं बघत नसत. कोणाकडंच बघत नसत. त्यांचा चेहरा बसमधे चुकून चढलेल्या माणसासारखा असायचा, गाडी कुठं चालली ते विचारायची सोय नसलेला.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना मी पहाटे उठले तर फाटक उघडं होतं, कुलूप किल्लीसकट कडीला लटकलेलं.

पोरगी पळायला गेली, असंच मला आधी वाटलं. आणि खरं सांगते, आनंद झाला. बरी झाली म्हणजे. माझ्यावरचं ओझं उतरलं.

मग छपरीतून धापा टाकल्याचा आवाज आला.

करिश्मा खाटेवर बसली होती. भिंतीला टेकून, डोळे मिटून. पाय ठोकळ्यासारखे पुढं टाकलेले, जराही हलत नव्हते. कपाळावरून घाम निथळत होता, गाऊन पाठीला चिकटला होता. आणि तोंडभर हसू. रोवणीच्या दिवसांनंतर मी ते हसू पाहिलं नव्हतं.

"पूल आला," ती म्हणाली. "धुकं हाय पान्यावर. धान कापून ठेवलं हाय बांधीत."

"कोनाशी बोलून राह्यली वं?"

तिनं ऐकलं नाही. "वापस फिरली," ती म्हणाली.

मी आत गेले. ह्यांची खाट रिकामी होती. काठी भिंतीशी. चपला खाटेखाली.

मी तशीच फाटकात आले, कडीचं कुलूप काढून हातात घेतलं. गल्ली राखाडी होती. नहराच्या बाजूनं पावलांचा आवाज येत होता, हलका, एकसारखा. धुक्यातून आधी पांढरा बनियन दिसला.

ते पळत येत होते.

साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, आणि पाय जमिनीला टेकतात की नाही असे. कोपरं अंगाशी धरलेली, मान सरळ. असं पळताना मी एकाच माणसाला पाहिलं होतं.

"अवो," मी हाक मारली. "थांबा, अवो!"

ते माझ्या अंगावरून आत गेले. अंगणातल्या टाकीतून तांब्यानं पाणी घेतलं, पायांवर ओतलं, चिखल घासून काढला. मग वळून माझ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. डोळे स्वच्छ, तरतरीत.

तीन वर्षं ज्या तोंडातून शब्द निघत नव्हता, ते तोंड हसलं.

"आई," ते म्हणाले, "चहा हाय काय?"

माझ्या हातातलं कुलूप खाली पडलं.

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. दोनदोन पायऱ्या घेत जिना चढून ते वरच्या खोलीत गेले. वर खिडकी उघडल्याचा आवाज आला, रद्दीचे कागद उलटल्याचा आवाज आला.

मी छपरीकडं वळले.

करिश्मानं डोळे उघडले होते. धाप थांबली होती, हसूही नव्हतं. ती भिंतीला टेकल्या टेकल्या माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, तक्रारीनं नाही. घरात जन्म काढलेलं माणूस बघतं तसं. तिच्या ओठांची उजवी कड खाली ओघळली होती आणि तिथून लाळेचा धागा सुटला होता.

मी काही ठरवलं नाही. तीन वर्षांच्या सवयीनं माझा हात पदर घेऊन आपोआप पुढं झाला.

मला पुसायला सोपं जावं म्हणून तिनं हनुवटी जराशी वर केली, हे रोज करायचे तशी.